शेवटच्या इनिंगला कोण?

आमच्या सरांना चहाचा पूर्ण कप पिताना कुणी पाहिलेलं नाही. अर्धा प्यायचे, उरलेला शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचे आणि चालू लागायचे. कर्वेनगरच्या टपरीवाल्याने एकदा कंटाळून विचारलं, "सर, तुम्हाला कटिंगच देत जाऊ का?" सर म्हणाले, "दे. मग मी त्यातला अर्धा पिईन."

मैदानाचा रखवालदार रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवायचा. तिच्यावर आमच्या बॅगा बसायच्या, हेल्मेटं बसायची, एकदा तर कुत्रं बसलं. सर काही बसले नाहीत. "बसलं की बुद्धी बसते," असं म्हणत ते मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालायचे. डोक्यावरची टोपी काढून या हातातून त्या हातात घ्यायची, परत घालायची, परत काढायची. त्यांच्याकडे बघून बघून आम्हालाही अस्वस्थ व्हायला व्हायचं. आज मी ऑफिसात मीटिंगमध्ये पाय हलवत बसते, तेव्हा शेजारची बाई माझ्याकडे तशाच नजरेने बघते. ही सरांची देणगी.

एका शाळेत पी.टी. शिकवून ते निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी एकटे. त्यांच्या घरी कधीही गेलं तरी खाटेचं तोंड वेगळ्याच भिंतीकडे असायचं. स्कूटर झाडाखाली लावायचे, दहा पावलं गेले की परत येऊन दुसऱ्या झाडाखाली लावायचे. त्यांच्याबरोबर बसने जाणं म्हणजे तर दिव्य. स्वारगेटला बसमध्ये चढायचं, जागा मिळवायची, आणि बस सुटता सुटता सर म्हणणार, "उतरा. मागची रिकामी आहे." मागची कधीही रिकामी नसायची.

थोडक्यात सांगायचं, तर घेतलेला निर्णय संध्याकाळपर्यंत टिकवणं हे त्यांना जमायचं नाही. अशा माणसाच्या हातात आमचा संघ होता.

संघ बेसबॉलचा, तोही मुलींचा. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी दया दाखवतात आणि मग विचारतात, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" सरांचं उत्तर ठरलेलं होतं: "हो. आणि पोहे हे मिसळीसारखेच." कुणा मुलीचे वडील यायचे, खिशात हात घालून विचारायचे, "सर, या खेळात पुढे काही आहे का?" सर मैदानाच्या टोकाकडे बोट करायचे. "पुढे झुडपं आहेत. बॉल गेला तर तुमच्याच मुलीला आणायला लावतो." वडील हसायचे की चिडायचे, याकडे सरांचं लक्ष नसायचं. ते तोवर पुढे चालत गेलेले असायचे.

क्लब अगदी छोटा. संघ कसाबसा पुरा व्हायचा, दोघी आजारी पडल्या तर सामना सोडावा लागायचा. एखादी मुलगी जरा चमकायला लागली की मोठ्या क्लबांचे लोक येऊन तिला घेऊन जायचे. त्यांच्याकडे जिम होती, प्रवासाला गाडी होती, नवे कोरे ग्लव्ज होते. आमच्याकडे एका शिक्षणसंस्थेचं उधार मैदान आणि सर. मुलगी निरोप घ्यायला आली की सर तिला म्हणायचे, "जा. तिथे खुर्च्या चांगल्या आहेत असं ऐकतो."

त्या वर्षी त्यांनी एकच ध्यास घेतला होता: शेवटच्या इनिंगला बॉल कुणी टाकायचा. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉल टाकणारी ती पिचर. आमच्या सामन्यात सात इनिंग असतात. सुरुवातीची पिचर पाच-सहा इनिंग टाकून दमते, हात जड होतो, आणि नेमकं तेव्हाच सामना अटीतटीला आलेला असतो. अशा वेळी ताज्या दमाची एखादी शेवटची इनिंग टाकायला आणतात. ती दुसरीने मांडलेल्या पसाऱ्यात शिरते आणि तो आवरते. जिंकलो तर नाव पहिलीचं, हरलो तर शेवटचीचं. आदल्या मोसमात आम्ही जे जे सामने हरलो ते सगळे शेवटच्या इनिंगला हरलो होतो.

आमच्याकडे सुरुवात करायला मृणाल होती. उंच, कर्वेनगरचीच, हातात गोळीसारखा वेग. शेवटीही तीच टाकेल असं तिला वाटायचं, तिच्या वडिलांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं. मी कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून बॉल झेलणारी. मृणालचा बॉल हातमोज्यात आला की तळहात झिणझिणायचा, आणि ती वेदना मला आवडायची.

सरांना मात्र शेवटी कुणी वेगळं हवं होतं. "पसारा करणारीनेच आवरायचा म्हटलं तर ती आधी कारणं सांगत बसते," असं त्यांचं म्हणणं. मग शोध सुरू झाला. सोमवारी एक मुलगी, बुधवारी दुसरी, शुक्रवारी परत पहिली. एकीला त्यांनी का नाकारलं, तर ती मैदानाचं फाटक लावून झाल्यावर दोनदा मागे वळून बघते. दुसरीला नाकारलं, कारण बॉल टाकायच्या आधीच ती "सॉरी" म्हणते. तिसरी चांगली टाकायची, पण डब्यातलं आवडतं आधी खायची. "शेवटाला हिच्याकडे कारल्याची भाजीच उरणार," असं म्हणून तिचाही निकाल लावला. मुली वैतागल्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी प्रश्न यायचा, आज कोण? सरांचं उत्तर यायचं आणि दुपारी ते डिलीट झालेलं असायचं.

अशातच संस्थेच्या सेक्रेटरींनी सरांना बोलावून घेतलं. मी किटच्या चाव्या द्यायला गेले होते म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं. मैदानावर टर्फ टाकून ते तासावर भाड्याने द्यायचं, असं संस्थेच्या मनात होतं.

"सर, आपला आदर आहेच," सेक्रेटरी म्हणाले. "पण आपण पाहताच. मुली दहा-बारा, बक्षीस एक नाही. कार्यकारिणीला मी काय सांगू?"

"सांगा, मुली धावतात."

"तसं नाही हो चालत. यंदा जिल्ह्याची स्पर्धा जिंका. मग मी शब्द टाकतो."

सर खोलीतून बाहेर आले आणि जिन्यावरून तीनदा खाली-वर करून मगच निघाले. मला म्हणाले, "मुलींना सांगू नकोस." मी संध्याकाळीच सांगितलं. त्या माणसाकडे संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मैदान गेलं तर आम्ही दुसरं काहीतरी करू, जिम लावू, लग्नं करू. सर काय करतील?

मैदानाच्या कोपऱ्यात दत्ताचं छोटं देऊळ आहे. दत्तजयंतीला तिथे महाप्रसाद असतो, पंगती बसतात, आणि मैदान वापरतो म्हणून वाढायला आम्हाला उभं करतात. त्या वर्षीही केलं. पहिल्या पंगतीला मृणालने बुंदी वाढली. काय तो आग्रह! "घ्या हो काकू, काही होत नाही," करत पानं भरली. लोक खूष. दुसऱ्या पंगतीलाही तेच. तिसऱ्या पंगतीला अंदाजापेक्षा बरीच जास्त माणसं आली, आणि आमच्यातल्या दोघीतिघी भांडी घेऊन मागे धावायला लागल्या. एक तर पंगतीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "बुंदी संपली का गं?" पंगतीत हा शब्द उच्चारायचा नसतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बसलेल्यांनी माना वर केल्या.

तेव्हा मृणालच्या हातातलं भांडं वैजूने घेतलं. वैजू म्हणजे वैजयंती. आईवडील वाशीमकडून वाघोलीला येऊन राहिलेले, ही कॉलेजसाठी कर्वेनगरला यायची. संघात होती, पण कुणी तिच्याकडे फारसं बघायचं नाही. बॉल बेताचा टाकायची, बोलायची त्याहून बेताचं. तिने पंगतीत शेवटपर्यंत त्याच चालीने, त्याच हाताने वाढलं. ना घाई, ना मागे वळून बघणं. भांड्याचा तळ दिसायला लागला होता आणि ही शांतपणे म्हणत होती, "घ्या ना काका, आहे अजून." शेवटच्या पानापर्यंत बुंदी पुरली.

सर पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत होते. बसून जेवणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही म्हणून दरवर्षी ते पाणी वाढायचे. ते वैजूच्या मागे जग घेऊन तसेच उभे राहिले. एक आजोबा म्हणाले, "अहो, पाणी देताय की दर्शन घेताय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं. शेवटची इनिंग वैजू टाकणार. "शेवटच्या पंगतीला भांडं रिकामं असतं. चेहरा भरलेला लागतो. तो हिच्याकडे आहे." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पिचर निवडायची ही पद्धत जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. दुपारपर्यंत बदलेल, असं आम्ही धरून चाललो. दुपार झाली, आठवडा गेला, निर्णय बदलला नाही. मृणालने माझ्याशी बोलणं कमी केलं, जणू मीच निवड समिती होते.

स्पर्धेत आम्ही बरं खेळलो. पहिल्या सामन्यांत मृणालनेच एवढी आघाडी मिळवून दिली, की शेवटी वैजूला फक्त हजेरी लावायची असायची. तिने ती नीट लावली. सरांची टोपी जरा कमी फिरायला लागली. आणि अंतिम सामन्यात शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो. समोर मोठा क्लब, त्यात आमच्याकडूनच गेलेल्या दोघी. सेक्रेटरी स्वतः बघायला आले होते. आणखी तीन जणींना बाद केलं की मैदान आमचं.

"वैजू," सर म्हणाले. मृणालने बॉल तिच्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धावणारीच्या पहिल्या थांब्यावर, राखायला जाऊन उभी राहिली. म्हणजे ती मैदानावरच होती. सरांनी म्हटलं असतं तर परत येऊन बॉल टाकू शकली असती. हे लक्षात ठेवायला हवं.

वैजूचे बॉल बाहेर जायला लागले. चार बॉल बाहेर गेले की बॅटरला बेस आयताच मिळतो; पहिली बॅटर अशी फुकटात बेसवर गेली. दुसरीही. मी मास्क वर करून तिच्याकडे गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय होतंय?"

"ताई, एक सांगू? त्या दिवशी बुंदी पुरली ना, ती मी आधीच काढून ठेवली होती."

"आत्ता बुंदी कुठून आली?"

"पहिल्या पंगतीच्या आधी. एक पातेलं देवळामागे झाकून ठेवलं होतं, मधे भांडं त्यातूनच भरून आणलं. माझी आई लोकांच्या कार्यात स्वयंपाकाला जाते. शेवटच्या पंगतीचं आधी बाजूला काढायचं, असं तिने शिकवलंय. मला माहीत होतं मागे आहे, म्हणून मी शांत होते. सरांना वाटलं मी..." तिने एकदा मागे वळून पाहिलं. "आत्ता मागे काही नाहीये ताई."

मला हसू आलं. आमचं मैदान एका झाकलेल्या पातेल्यावर उभं होतं. एवढ्यात पंचांची परवानगी घेऊन सर लगबगीने आले. तिने त्यांनाही सांगितलं, जसंच्या तसं. मला वाटलं, झालं, आता बदलणार. बाहेरून मृणालचे वडील ओरडत होते, "सर, अजून वेळ आहे, मृणालला आणा." मृणाल पहिल्या बेसवर ग्लव्ज काढून हात पुसत उभी होती. आणि जो माणूस बस बदलायचा, झाड बदलायचा, खाटेचं तोंड बदलायचा, तो टोपी हातात धरून एकदा मृणालकडे आणि एकदा वैजूकडे बघत राहिला. त्याच्या मनातलं मैदान मला दिसत होतं. सर, बदला हिला, असं मी मनात म्हणत होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण म्हणत होते.

"बरं झालं सांगितलंस," सर म्हणाले. "टाक आता." आणि परत गेले.

पुढची बॅटर उंच मारून झेलबाद झाली. त्यानंतरच्या बॅटरला वैजूने तीन स्ट्राइकवर, तिन्ही बॉल चुकवायला लावून, घरी पाठवलं. दोघी बाद, एक उरली. मग वैजूने बॉल टाकला, चांगला टाकला, मी मागे बसून सांगते. बॅटरने तो त्याहून चांगला मारला. डाव्या बाजूच्या मुलीच्या डोक्यावरून गेला, बेसवरच्या दोघी धावत माझ्यापाशी शेवटच्या बेसवर आल्या, त्यांना दोन रन मिळाले, आणि आम्ही हरलो.

सेक्रेटरी सरांचा हात हातात घेऊन "छान लढलात" म्हणाले आणि गाडीत बसले. मृणालचे वडील मात्र सरळ सरांसमोर येऊन उभे राहिले.

"अहो सर, एक विचारू? त्या मुलीला तुम्ही निवडलंत तरी कशावरून?"

"चुकून," सर म्हणाले.

"चुकून?"

"निवडली चुकून. ठेवली जाणूनबुजून."

वडिलांना काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही. मी फार रागावले होते. मैदान गेलं होतं आणि हा माणूस वाक्यं बोलत होता.

महिन्याभरात तिथे टर्फ आलं. मृणाल मोठ्या क्लबात गेली आणि तिचं चांगलं झालं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. वैजूने येणं बंद केलं. कॉलेजची परीक्षा संपली होती, फोन उचलायची नाही. सर वाघोलीला तिच्या घरी जाऊन आले, मी बरोबर होते. वैजू आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिची आई दारात पदराने हात पुसत उभी होती.

"मी का म्हणू तिले सर? जेवत नाही धड. म्हणते, माह्यामुळं सगळ्यांचं मैदान गेलं. आता काऊन बोलावता तिले परत?"

दारातल्या दारात दोन पावलं इकडे, दोन तिकडे करून ते म्हणाले, "बरं, येतो." परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यात एकदाही "उतरा" म्हणाले नाहीत.

मग नवं मैदान शोधायचं आलं. कर्वेनगरातच एका कॉलेजचं पटांगण सकाळी मोकळं असायचं, मी बोलून ठेवलं होतं. वारज्यालाही एक जागा होती. सरांनी दोन्हींना नाक मुरडलं. इथे उतार आहे, तिथे ऊन तोंडावर येतं. एक दिवस ग्रुपवर निरोप आला: उद्यापासून वाघोली. आम्ही हादरलो. कर्वेनगरहून स्वारगेट, तिथून पुढे वाघोली, नगर रस्त्यावरची ती गर्दी, खेळायच्या आधीच माणूस संपून जातं. दोघींनी संघ सोडला. मी सरांना फोन करून नाही नाही ते बोलले. ते म्हणाले, "झालं? ग्लव्ज घेऊन ये." वैजू गेली दोन वर्षं हाच प्रवास उलट्या दिशेने रोज करत होती, हे त्या गर्दीत लोंबकळताना माझ्या डोक्यात आलं. आम्ही तिला कधी विचारलंही नव्हतं.

मैदान म्हणजे नुसती खडबडीत मोकळी जागा. एका अंगाला इमारती, बाकी गवत आणि राडारोडा. आम्ही दगड वेचले, फक्कीने रेषा मारल्या, सराव सुरू केला. सर त्या इमारतींच्या बाजूनेच येरझाऱ्या घालायचे आणि आम्हाला उगाचच जोरात ओरडायला लावायचे. "आवाज कुठाय? पुण्यात ऐकू गेला पाहिजे." कुणाच्या तरी गॅलरीतून तक्रार येईल म्हणून मी घाबरत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी बॉल आणायला इमारतीपाशी गेले आणि सहज वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, वैजू उभी होती. मागच्या वेळी आम्ही पुढच्या रस्त्याने आलो होतो, म्हणून ही तीच इमारत आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. अख्ख्या शहरात मैदानं होती. सर मैदान शोधतच नव्हते.

मी बॉल घेऊन परत आले आणि सराव चालू ठेवला. ती त्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली नाही. आठवडा असाच गेला, दोन बस जाताना आणि दोन बस येताना. माझ्या घरी रोज भांडण. आज शेवटचं, उद्यापासून मी नाही जात, असं मी रोज म्हणत होते आणि रोज जात होते.

मग एका संध्याकाळी ती खाली आली. पायात घरातल्या चपला, हाताला पीठ. सरळ सरांपाशी गेली.

"सर, मी खेळायला नाही आले. फक्त सांगायला आले. तुम्ही सगळ्यांना इतक्या लांब आणू नका. माझ्याच्याने बघवत नाही."

"मग बघू नकोस," सर म्हणाले. "टाक."

"परत माझ्यामुळे हरलो तर?"

"तर पुढच्या वेळीही तूच."

"का सर?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे अशा वेळी एखादं वाक्य तयार असायचंच. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी नुसताच बॉल तिच्यापुढे धरला. वैजूने मान खाली घातली, ओढणीला हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, बसा मागे."

मी मास्क खाली ओढला आणि बसले.